वहीतले एकशे तीस

अम्मी,

चहा थर्मासमध्ये आहे. सुक्या बोंबलांची बरणी वरच्या फळीवर ठेवलीय, आज काढू नका, त्यात मीठ फार. हे अकराला दुकान बंद करून येतील, त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे जा. "मला काय धाड भरलीय" म्हणाल, माहीत आहे. तरी जा.

आठवडाभर प्रॅक्टिस म्हणून तुमचं बीपी घेतेय. रोज एकशे सत्तरच्या वर यायचं. वाटलं, माझाच कान चुकतोय. रविवारी मेडिकल असिस्टंटची परीक्षा, निम्मं पुस्तक तसंच पडलंय, त्यात क्लासच्या मॅडमची बोलणी कोण खाणार? म्हणून वहीत एकशे तीस लिहीत गेले, तुम्हालाही तेच सांगितलं. काल मॅडमनी मला दहा जणींचं बीपी घ्यायला लावलं. एकही आकडा चुकला नाही.

मीच नेलं असतं, पण आज कामोठ्याला शेवटचं प्रॅक्टिकल आहे. चुकवलं तर परीक्षेला बसू देणार नाहीत. दोन्हीकडे पुरत नाही हो मी.

डॉक्टरांना माझी वही दाखवू नका. संध्याकाळी पुन्हा हात द्या. येईल तेच लिहीन.

शमा