एकमेकांना, एकमेकांशी, एकमेकांवर

सोमवार, ६ ऑक्टोबर

तारीख नक्की झाली! राजनंदिनीची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत पुढच्या बुधवारी, मुंबईत. एजंटाने फोन केला, दादाने त्याला परत फोन लावून खात्री करून घेतली, आणि लगेच पोरीला कागलहून माझ्याकडे राजारामपुरीत आणून सोडलं.

"पेपरात इंग्रजी बातम्यांचं मराठी करतीस न्हवं? आता तुझ्या भाचीच्या मराठीचं इंग्रजी कर!"

लग्नाला वर्ष होत आलं. जावई अमरसिंह लग्न झाल्यावर आठवड्यात परत गेला, तो तिकडेच आहे. मुलाखत मराठीत दिली तरी चालते म्हणे, दुभाषी देतात. पण राजनंदिनी हटून बसली आहे — इंग्रजीतच देणार. का, ते कळेना. दादा मात्र खूश. "वाघीण हाय माझी!"

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सकाळी चहासोबत पहिला तास. मी साहेब झाले. विचारलं, नवऱ्याशी संपर्क कसा असतो?

"दे कॉल मी एव्हरी संडे."

"दे? सगळी कंपनी मिळून फोन करते का तुला?"

"अगं आत्या, यांनाच म्हणतेय की! नवऱ्याला एकेरी कसं बोलू?"

"इंग्रजीत आदरबिदर नसतो. 'ही' म्हणायचं."

"'ही'? म्हंजे बाईच की गं!"

दोघी हसत सुटलो. चहा निवून गेला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज 'ईच अदर'. तिची वाक्यं — "वी टॉक ईच अदर." "वी मॅरीड विथ ईच अदर." एकात 'टू' गायब, दुसऱ्यात 'विथ' फुकटचा. सुधारून दिलं. ती म्हणाली, "असं का पण?" — आणि मी अडकले. इतकी वर्षं हे काम करते, कारण सांगता येईना!

मराठीत एकमेकांना, एकमेकांशी, एकमेकांवर. काहीतरी चिकटल्याशिवाय शब्द जागचा हलत नाही. इंग्रजीत टॉकला 'टू', वेटला 'फॉर', लुकला 'ॲट'. पण लव्ह, मिस, मॅरी यांना काहीच नको. आपण लग्न एकमेकांशी करतो, प्रेम एकमेकांवर करतो. तिकडे दोन्ही कोरडंच. नियम शोधत बसले. सापडला नाही. शेवटी म्हटलं, क्रियापद पाठ करताना त्याचं शेपूटही पाठ कर. शेपूट नसेल तर नाही, हेही पाठ कर.

"बुधवारपर्यंत पक्कं होईल न्हवं? साहेबाचा घोटाळा व्हायला नको."

केवढी काळजी!

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज 'टू', 'फॉर', 'विथ' — एकही चूक नाही. 'ही'सुद्धा सहज म्हणते आता.

पण 'वी' घेतच नाही. "आय मिस हिम," म्हणाली. मी म्हटलं, "वी मिस ईच अदर" म्हण, बरं दिसतं.

"यांना माझी आठवण येते का, ते मी कसं सांगू?"

"अगं, नुसतं वाक्य आहे."

"साहेबासमोर खोटं न्हाय बोलायचं, आत्या."

लाजते आहे? की भांडलीत दोघं? विचारलं तर "काय न्हाय". काही कळत नाही. ऑफिसला उशीर झाला, तसंच सोडलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दादाचा फोन. "पोरगी काय बोलली का?"

"कशाबद्दल?"

"न्हाय, सहज. संसारात होतंय बारीकसारीक. तिकडं गेली की सुधारतंय सगळं."

ठेवून दिला. काय सुधारतंय?

रविवार, १२ ऑक्टोबर

आज विचारलं, नवरा कुणासोबत राहतो? हा प्रश्न इतक्या दिवसांत मी घेतलाच नव्हता.

"दे लिव्ह विथ ईच अदर."

पुन्हा 'दे'! म्हटलं, "अगं, 'ही' म्हण. आणि एका माणसाला 'ईच अदर' लागतच नाही. त्याला दोघं तरी लागतात."

मान हलवली. पुढचं वाक्य — "दे कुक फॉर ईच अदर." त्याच्या पुढचं — "दे टेक केअर ऑफ ईच अदर."

'विथ', 'फॉर', 'ऑफ', तिन्ही बिनचूक! कर्ता तेवढा चुकलेला. "शेपटं बरोबर, डोकंच चुकलं," मी म्हटलं. ती हसली नाही.

"शेपटं नक्की बरोबर हाईत?"

"हो."

"मग झालं."

काय झालं? परवा 'ही' म्हणत होती. बरं, आदराने 'दे' म्हणते म्हणावं, तर मराठीत तरी एकट्या माणसाला 'ते एकमेकांना जपतात' असं कोण म्हणतं? ही चूक कुठून येते तेच समजत नाही. थकली असेल.

आज रविवार असून फोन आला नाही. तिने वाटही पाहिली नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

चूक नव्हती. 'दे' म्हणजे ते दोघं — अमरसिंह आणि त्याच्याबरोबर राहणारी बाई. लग्नाआधीपासूनची. राजनंदिनीने आज भाजी निवडता निवडता सांगितलं. बापाला सांगून झालंय. तो "जा" म्हणतो. म्हणून इंग्रजी. दुभाषी आपल्यातलाच निघाला तर तोही "संसारात होतंय" म्हणायचा, असं तिला वाटतं.

उद्या दुपारी दादा गाडी घेऊन येणार. बुधवारी आत तिला एकटीलाच सोडतील. साहेबाने विचारलं नाही तर ती आपणहून सांगणार आहे. व्हिसा नाकारतील, असा तिचा हिशोब. बापाचं 'जा' मोडायला तिला साहेबाचं 'नाही' हवंय.

उद्या सकाळी आणखी एक तास मागितलाय. घेणार आहे.