पटाच्या दाणीवर न हललेली मोटारसायकल

आर्वी,
२८ जानेवारी २००२

आदरणीय योगेंद्र भाऊजी यांस,

धाकट्या साळ्याचा, निकेशचा, डोकं टेकवून नमस्कार. इकडे आई, दुकान आणि तुमची मोटारसायकल (याच क्रमाने) खुशाल आहेत. ताईचा खोकला गेला का? आईने अडुळसा पाठवला होता, तो तिने घेतला की कुंडीत ओतला, हेही कळवा. आणि आता सुटकेचा निःश्वास सोडा, मी कालपासून सोडतोच आहे. आंजीच्या मोतीलालजींनी होकार दिला! त्यांची गुंजन आता आपल्या घरी येणार.

हे जमवताना तुमची किती दमछाक झाली ते मला माहीत आहे. 'गाडी उडवणाऱ्या पोराच्या घरी मी मुलगी देणार नाही,' ही त्यांची अट तुम्हीच मला सांगितली होतीत. पण भाऊजी, त्याआधीच मी रोहण्याच्या शंकरपटात नाव देऊन बसलो होतो. यंदा तिथल्या मंडळाने बैलजोड्यांची शर्यत झाली की त्याच दाणीवर, बैल पळतात त्याच पट्टीवर, दोन-दोन मोटारसायकली सोडायचं ठरवलं होतं. नाव मागे घेतलं असतं तर रोहण्याच्या पोरांनी वर्षभर माझी सालटी काढली असती. शिवाय मोतीलालजी दुकानाचा गल्ला सोडून कुठे जातात, असं मला वाटलं. (तिथेच चुकलो.)

कापसाच्या जिनिंगच्या आवारात सराव केला. तुमच्या गाडीचा जोर तुम्हाला ठाऊकच आहे. क्लच सोडला की मागचे शॉकअप खाली बसत, पुढचं चाक वर उठे आणि मी सरकीच्या ढिगात. सरकी मऊ असते म्हणून हे पत्र माझ्याच हाताने लिहितो आहे. तेव्हा शेजारच्या नानाजींना बोलावलं. उभ्या आयुष्यात त्यांनी पटात बैल हाकले, मोटारसायकलवर कधी टांग टाकली नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं, "अरे, हे तर बंडीसारखी उलाळ होऊन राह्यली! मांगचं कडक कर, समोर वजन दे. बंडी उलाळ झाल्यावर आपण काय करतो?"

मला ते शंभर टक्के पटलं. बंडीत माल मागे जास्त झाला की पुढची बाजू वर उठते, मग आपण माल पुढे सरकवतो. मी पाना घेऊन दोन्ही शॉकअप शेवटच्या खाचेपर्यंत आवळले आणि गुरांच्या ढेपेचं अर्धं पोतं टाकीवर बांधलं. पुढचं चाक काय, गाडीचं नाकही उठणार नाही अशी व्यवस्था झाली. पण बंडीला बैल पुढून ओढतात आणि मोटारसायकलला मागचं चाक ढकलतं, हे आर्वीपासून रोहण्यापर्यंत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

झेंडी पडली. बाजूचा पोट्टा गेला. माझं पुढचं चाक जमिनीला चिकटून, आणि मागच्या चाकावर वजनच नाही, म्हणून ते जागच्या जागी भिरभिरायला लागलं. मी जितका पीळ दिला तितका खड्डा खोल गेला. धुरळा बसला तेव्हा मी होतो तिथेच होतो, फक्त वीतभर खाली. आणि दाणीच्या त्या टोकाला, मांडवात, पाहुणे म्हणून फेटा बांधून कोण बसलं होतं? मोतीलालजी! भाऊजी, शर्यत गेल्याचं काही नाही, पण गुंजन मला मनापासून आवडली आहे, आणि ती हातची गेली म्हणून मला तिथेच रडू फुटणार होतं.

तेवढ्यात ते स्वतः चालत आले. लांबून त्यांना सगळा धुरळा बाजूच्या पोट्ट्याचा वाटला होता. मंडळाला म्हणाले, "तो पोट्टा वाऱ्यासारखा पयाला, पण आपला निकेश जाग्यावरून हालला नाई! तुमी आग्रह केला म्हणून उभा राह्यला बिचारा. मले असाच ठंड्या डोक्याचा जावई पायजे." माझ्या कपाळावर कुंकू लावलं, पेढा भरवला. टाकीवरच्या ढेपेकडे पाहून म्हणाले, "अन जनावराईची बी काळजी हाय याले."

ताईला सांगा, साडी घेऊन ठेव.

आपला आज्ञाधारक,
निकेश

ता.क. मोतीलालजी तुम्हाला पत्राने विचारणार आहेत. मुलगा स्वभावानेच संथ आहे, असं कळवा.

ता.क. दुसरा. गुंजन बायकांच्या गर्दीत, झेंडीच्या अगदी जवळ उभी होती. तिने सगळं पाहिलं. तिच्या बहिणीच्या, मयुरीच्या, हाती निरोप आला आहे : "पळायचं होतं अन जमलं नाई, तर मले पसंत. मुद्दाम उभा राह्यला असंल, तर नाई म्हणून सांगजो." तिलाही वेगळं पत्र टाका, भाऊजी, की मुलगा जीव तोडून पळत होता.

ता.क. तिसरा. पाकिटांची अदलाबदल होऊ देऊ नका, आणि मोतीलालजींचं जरा घट्ट चिकटवा. त्यांना चष्मा लागतो, त्यामुळे घरची सगळी पत्रं गुंजनच वाचून दाखवते.