दूध बंद

४ मार्च
दूध बंद! आजपासून घरात दूध, दही, पनीर — काही नाही. आमच्या लेकीची, चिमणीची, पाळी डिसेंबरपासून आलेली नाही. माझ्या शिवणाच्या दुकानात ब्लाउज घालून बघायला आलेली जिमवाली म्हणाली, "दुधानं हार्मोन्स बिघडतात, ताई. बंद करून बघा."

चिमणीचं तोंड एवढंसं झालं. दह्याशिवाय घास उतरत नाही तिला. म्हटलं, एवढी सव्वीस वर्षांची घोडी आणि दह्यासाठी रुसतेस? हे पेपरमागून म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखवू या का?" बायकांच्या गोष्टीत तुम्ही पडू नका, म्हणाले मी.

११ मार्च
कोरा चहा. हे निमूट पितात.

२ एप्रिल
पाळी नाहीच. वर डोकं दुखतं म्हणते. बाहेर चोरून खात असशील दही, म्हटलं. ताट सरकवून उठली.

९ एप्रिल
तिचा कुर्ता ढगळ झाला म्हणून उसवायला घेतला, तर छातीशी आतून डाग. पांढरट, कडक. बाळंतिणीच्या कपड्यांवर असतात तसे. जन्म गेला शिवणकामात, मला नाही कळणार?

ऑफिसातून आली तशी दारातच विचारलं, "कुणाचं आहे?"

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. "आई, मीच घाबरलेय गं. कुठून येतंय हे, मला माहीत नाही."

आणि मी काय म्हणावं? "खोटं बोलू नकोस!"

जीभ का नाही झडली माझी?

१० एप्रिल
हेच तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मी मागोमाग.

१७ एप्रिल
रक्त तपासून झालं, डोक्याचा एमआरआय झाला. मूल नाही. तसलं काही नाही! मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे, तिच्यावर बारीकशी गाठ आहे. कॅन्सर नाही. पण त्या गाठीमुळे अंगावर दूध उतरवणारं हार्मोन वाढलं, आणि त्यानंच पाळी थांबली. गोळ्यांनी बहुतेक बरं होईल.

"म्हणजे दुधामुळेच ना?" — मी. अजून मी!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एखादीला दूध सोसत नाही, ते वेगळं. हिच्या दह्याचा या गाठीशी काही संबंध नाही, मावशी. लवकर आणायचं होतंत."

येताना गाडीत तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं झटकला नाही. वळलीही नाही.

१८ एप्रिल
दही लावलं. वाटी पुढे केली, म्हटलं, चुकलं माझं. "असू दे, आई. सवय गेली."

२९ मे
पाळी आली! मला यांनी सांगितलं. ओट्यापाशी येऊन, खाली बघत, चाचरत. चिमणीनं बापाला सांगितलं. मला नाही.