बंदुकीचा नियम बदललाय

पिल्लू,

आईशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे.

तुझ्या फाशांच्या खेळाच्या वहीत मी पेन्सिलने लिहिलंय, चिडू नकोस. राक्षसांच्या राज्यात तू बंदुका आणल्या, हरकत नाही. पण तुझी बंदूक दर पाळीला उडते आणि बाणाच्या तिप्पट इजा करते. दादाचा बंदूकवाला सगळे राक्षस लोळवतो, मग आजोबांच्या तिरंदाजाने काय माशा मारायच्या? शनिवारी खेळातून उठताना ते म्हणाले, "माझ्या जागी दुसरा कोणी घ्या." आजारपणानंतर ते आपणहून खोलीबाहेर येतात ते या खेळापुरतेच.

माझ्या मामाकडे ठासणीची बंदूक होती. एकदा समोर अस्वल आलं. मामाने दारू भरली, छरे भरले, गजाने ठासलं, तोवर अस्वल दोन जांभया देऊन तिथंच झोपलं. म्हणून नवा नियम असा: गोळी झाडली की पुढच्या दोन पाळ्या बंदूक भरण्यात जाणार, आणि फाशावर एक पडला तर दारू ओली, बार फुसका. बाण मात्र दर पाळीला सुटणार.

आजोबांना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "मग बसतो शनिवारी."

त्यांना हाताच्या व्यायामाला घेऊन जातेय. सहापर्यंत येऊ. कपडे आत घे.

आजी

ता. क. अस्वल खरं आहे. आजोबा हसले, बसतो म्हणाले, ते मी पदरचं घातलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शनिवारी बसणार का, ते आल्यावर तूच विचार, माझं ते ऐकत नाहीत.