तुमच्या वतीने घेतलेला वास

बाबा, त्या शुक्रवारी सकाळी बहारीनमध्ये, मनामाच्या बाजारात तुम्ही माझा हात धरला होतात आणि तुमचा तळवा ओला होता. उन्हामुळे नव्हे. तुम्ही घाबरला होतात, आणि मी नऊ वर्षांची, तुमच्याहून जास्त घाबरले होते. आदल्या महिन्यातल्या तापात तुमचं नाक गेलं होतं. म्हणजे नाक जागेवर होतं, पण त्याला ना धुराचा वास येत होता ना कोथिंबिरीचा, आणि त्याच्या मागोमाग चवही गेली होती. मोठ्या हॉटेलात मासे रांधणाऱ्या माणसाने हे कुणाला सांगायचं? घरात आपल्या तिघांनाच ते माहीत होतं. व्हिसा लवकरच रिन्यू व्हायचा होता आणि ते तुमच्या फ्रेंच शेफच्या शब्दावर होतं. "त्येका कळला तर खलास," आई म्हणाली होती आणि कपाटावरच्या बॅगेकडे बघत राहिली होती. तेव्हापासून ती बॅग मला आवडेनाशी झाली.

शेफ दर शुक्रवारी तुम्हाला घेऊन बाजार हिंडायचा. मासळीच्या बाबतीत तो स्वतःपेक्षा तुमच्या नाकावर जास्त विसंबायचा. मुलीला शाळेला सुट्टी आहे, तिला बाजार बघायचाय, असं त्याला सांगून तुम्ही मला बरोबर घेतलंत. गाडीतून उतरताना माझ्या कानाशी वाकलात. "बरो वास इलो तर हात दाब. वाईट इलो तर सोड. तोंडान काय बोला नको. समाजला?" मी मान हलवली.

शेफ पुढे चालतोय, उंच, हातात वेताची टोपली, आणि सारखा मागे वळून बोलतोय. त्याच्या शहरात म्हणे आठवड्यातून दोनदा रस्त्यावरच बाजार भरतो. चीजवाली बाई सुरीच्या टोकावर तुकडा पुढे करते, आणि न चाखता कुणी काही घेतलं तर तिला राग येतो. इथेही तो तसाच वागतो. खरबूज उचलून देठाकडून हुंगतो आणि तुमच्याकडे देतो. तुम्ही ते नाकाशी धरता, डोळे मिटता, मग कौतुकाने दाखवल्यासारखं माझ्यासमोर आणता. मी हात दाबते. "गुड, शेफ." पुदिना, वाळवलेली काळी लिंबं, खजूर, सगळं असंच पार पडलं. भट्टीतून काढलेला खुबूज, तिथली ती जाड रोटी, त्याने आपल्या दोघांना फाडून दिला. तो इतका गरम आणि खमंग होता की क्षणभर मी भीती विसरले. मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तो कागद चघळल्यासारखा चघळत होतात आणि हसत होतात. तुमचं ते हसणं बघून मला रडू येत होतं.

मासळीबाजारात हामूर माशापाशी काही अडचण आली नाही. डोळे, कल्ले बघून तुम्ही मासा ओळखलात, नाकाची गरजच पडली नाही. पण शेफला त्या दिवशी मोरी दिसली, आपला तो छोटा शार्क मासा. सोललेली, कापलेली. तिला डोळे नाहीत, कल्ले नाहीत, त्या पांढऱ्या तुकड्यांची परीक्षा फक्त वासावर. "सुबह का है," विक्रेता म्हणाला. तुम्ही एक तुकडा उचलून माझ्यापर्यंत आणलात. वास नाकात शिरला, उग्र, झोंबणारा, आणि बाबा, मला एकदम घर आठवलं. सुट्टीवरून परतणारं आपल्याकडचं कुणीही आईसाठी सुकी मोरी आणायचं. ती भाजायला घेतली की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. माझ्या लेखी त्याहून चांगला वास जगात नव्हता. मी हात दाबला.

"व्हेरी फ्रेश, शेफ."

शेफ वाकला, हुंगला आणि झटकन मागे झाला. ताजी मोरी अशी झोंबत नाही, शिळी झोंबते, हे मला पुढे कळलं. "पुन्हा बघ," तो हळू आवाजात म्हणाला. तुम्ही पुन्हा तुकडा उचललात. तुम्हाला कळलं नसावं असं वाटून मी या वेळी जोरात दाबला. शेफची नजर आपल्या दोघांच्या हातांवर आली. तेव्हा तुम्हीच माझा हात सोडलात आणि ताठ उभे राहिलात. "नो स्मेल, शेफ. फीवर आफ्टर, नो स्मेल." तो ओरडेल असं वाटलं, पण त्याने फक्त विचारलं, "आणि मीठ?" तुम्ही उजवा हात वर केलात. मिठाचं माप हाताला कळत होतं. तो टोपली घेऊन गाडीकडे वळला. घरी आल्यावर आईने बॅग खाली काढली आणि ती दिवसचे दिवस पलंगापाशी उघडी पडून होती. दारावर थाप पडली की मी त्या बॅगेमागे जाऊन बसायचे.

व्हिसा रिन्यू झाला. शेफने तुम्हाला मागच्या खोलीत मासे साफ करायला, कापायला ठेवलं. आपण बहारीनमध्येच राहिलो, माझी शाळा झाली, सगळं झालं. फक्त तुम्ही पुन्हा कधी शेगडीपाशी उभे राहिला नाहीत. तुमचं नाकही परत आलं नाही. पुढे मालवणात, म्हातारपणी, मी माहेरी आले की माशाचं तिखलं करायचे. तुम्ही पहिला घास घ्यायचात, डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "बरा झाला हा."

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, पाठवायला तर तुम्ही आता नाहीच. तुम्हाला कसलीच चव लागत नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं, बाबा. तरी तो घास तोंडात असेपर्यंत मी दारात उभी राहायचे, आणि तुम्ही ते म्हणालात की मगच माझं पान वाढून घ्यायचे.