ताट मागणारे बाबा

मंगळवार, संध्याकाळ, पाचूबंदर

माझ्या कथेतली बायको मेलेल्या नवऱ्याची फोनमधली नक्कल लगेच ओळखते आणि बंद करते. लिहिताना पटलं होतं. आता ती कथा फाडायचाही उत्साह नाही.

बाबा गेल्यावर दादाने त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून ॲपमध्ये त्यांचा बोलणारा आवाज बनवलाय. आई बोंबील साफ करत होती, फोन तांब्याला टेकवलेला. आवाज म्हणाला, "जेवलीस का?"

"आता बसतेच," आई म्हणाली.

बाबांनी हे तिला कधीच विचारलं नव्हतं. बोटीवरून आले की दारातूनच ओरडायचे, "ताट वाढ!"

"आई, हे बाबा नाहीत गं."

"मना माहीत हाय. तो कधी इचारायचा?"

आणि हात धुऊन जेवायला बसली. फोनसमोर.

आत्ता बाबांची ती दारातली हाक आठवून पाहतेय. त्यांच्या आवाजात फक्त "जेवलीस का?" ऐकू येतंय.