पाचशे टक्के आणि चार बोटं

तीर्थस्वरूप भाऊजींना,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग हल्ली कागदावरच जमतो, गोड मानून घ्यावा.) आपला खोकला कमी झाला असेल आणि ताईने जिना उतरायची परवानगी दिली असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे ही बरी आहे. माझं पुढे वाचालच.

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला शोभेल अशा सावधपणे आपण गेल्या पत्रात लिहिलं होतं, की शेअर घेण्याआधी कंपनीने दहा वर्षांत लाभांश किती दिला ते बघ, आणि तो आजच्या भावाच्या किती टक्के पडतो तेही बघ. ते पत्र मी डोळ्यांत तेल घालून वाचलं. फक्त शेअर त्याच्या आठ दिवस आधी घेऊन झाले होते. त्याचं असं झालं, की कॉलरचा नमुना कापायला मी जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि कात्री नेमकी एका ओळीपाशी थांबली: पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा लाभांश, पाचशे टक्के! दुकानातून साठलेले चार लाख होते, म्हातारपणाची सगळी पुंजी. चारशेच्या भावाने हजार शेअर आले. पाचशे टक्क्यांनी वर्षाला वीस लाख होतात, हे मी तीनदा पडताळलं. (मी हावरट नव्हे. कंपनीच्याही अडचणी असतात, म्हणून दहाच धरले.) ही एवढंच म्हणाली, "पाचशे टक्के कशाचे, ते विचारलंत का?" तुला शेअरमधलं काय कळतं, असं म्हणून (हे वाक्य मी मागे घेतो) मी दुकानाची पाटी उतरवली, चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं समोरच्या तरुण टेलरच्या हवाली केली आणि शिलाई मशीन आठवण म्हणून ताईकडे पाठवून दिलं.

महिन्याभराने लाभांश जमा झाला. पाच हजार. मला वाटलं, पहिल्या आठवड्याचा असेल. मग आपलं पत्र पुन्हा काढलं आणि कंपनीचा अहवाल घेऊन बसलो. पाचशे टक्के माझ्या चारशे रुपयांवर नव्हतेच. ते शेअरच्या मूळ छापील किमतीवर होते, आणि ती किंमत एक रुपया. म्हणजे शेअरमागे पाच रुपये. चारशेला पाच, सव्वा टक्का झाला. बरं, इतिहास बघावा, तर पाचातले दोन रुपये जुनी शेड विकल्याच्या आनंदात एकदाच वाटलेले. शेड काही दरवर्षी विकता येत नाही. एरवी दोन, अडीच, फार तर तीन, आणि मधलं एक साल कोरडं. भाऊजी, गिऱ्हाईक "चार बोटं ढिलं ठेवा" म्हणालं, की मी चाळीस वर्षं विचारत आलो, कुणाची बोटं, तुमची की माझी? (माझ्या चार बोटांनी शिवलेला सदरा एका पैलवानाच्या अंगावर उसवला, तेव्हापासूनचा धडा.) कंपनीला तेवढं विचारायचं राहिलं.

पुंजी बुडालेली नाही, आहे तिथे आहे. पण महिन्याला चारशे सोळा रुपयांत दोन माणसं बसत नाहीत, कितीही ओढून शिवलं तरी. मी मात्र मजेत आहे. खिडकीत बसतो, रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या कॉलरी बघतो. समोरच्याची शिलाई वाकडी आहे. हिला आकडा अजून सांगितलेला नाही. लाज वाटते.

आपला मेहुणा,
टेलर (माजी)

ता.क. ताई मशीन वापरते ना? नुसतं पडून राहिलं की तेल सुकतं. सहज विचारलं.

ता.क. सहज विचारलं नाही. मशीन परत हवं आहे. स्वतःचं मशीन आणलं तर समोरचा मला कामावर घेतो म्हणतो. हिला कळू देऊ नका.

वन्सं, खालचं अक्षर माझं. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून उघडलं. पाच हजारांचा संदेश माझ्याच फोनवर आला होता. मशीन जरूर पाठवा, पण घरी, माझ्या नावाने. यांना दोन वर्षांपासून सुईचं नेढं दिसत नाही आणि चष्म्याचं नाव काढू देत नाहीत. दुपारी हे डुलकी काढायचे, तेव्हा यांची वाकडी शिलाई उसवून मी पुन्हा घालायचे. कटिंग मात्र अजून यांच्यासारखं कुणाचं नाही. हे कापतील, मी शिवेन. त्यांना यातलं काही बोलू नका. डोळ्यांपायी दुकान आज ना उद्या बंद करावं लागलंच असतं, पण ते लाभांशापायी बंद झालं, असंच त्यांना वाटू दे.